पानगळीतली लागवड, वसंतातली फुलं

हायसिंथ या वसंतात फुलणाऱ्या फुलझाडाचा एक कंद पानगळीच्या दिवसांत धारदार सुरीने उभा कापून बघा. पांढऱ्या रसरशीत पापुद्र्यांच्या मधोमध कळ्यांचा इवलासा घोस तयार बसलेला असतो. एक कंद वाया जातो, पण लागवडीचं मर्म त्यात दिसतं: वसंतात उमलायचं ते फूल कंदात आधीच आहे. ते घडवण्याचं काम आपल्याकडे नाहीच. मुळं फुटायला सवड द्यायची, थंडी मिळू द्यायची आणि कंद कुजू द्यायचा नाही.

म्हणून माझा सगळा आग्रह कंद निवडण्यावर असतो. हातात घेतल्यावर तो आकाराच्या मानाने जड आणि टणक लागायला हवा. बुडाची चकती अंगठ्याने दाबून बघाच. मुळं तिथूनच फुटतात, त्यामुळे तिथे मऊ पडलेला कंद कितीही देखणा असला तरी मी घेत नाही. वरची तपकिरी साल सुटली असेल तर बिघडत नाही. एकाच जातीचे बारके कंद ढीगभर घेण्यापेक्षा मोठे, थोडे घ्या. मोठ्या कंदाचं फूलही भरदार येतं. हायसिंथ हाताळताना हातमोजे घाला, त्याच्या सालीने कातडीला खाज सुटते.

पानं गळायला लागली की लगेच खुरपं उचलायची घाई नको. मातीत बोट खुपसल्यावर ती गार लागली पाहिजे, साधारण १० ते १३ अंश सेल्सिअस. डॅफोडिल आणि क्रोकस मी आधी लावते, ट्यूलिप मुद्दाम शेवटी. ट्यूलिपला एक बुरशी लागते, पानं भाजल्यासारखी डागाळतात आणि कळ्या वेड्यावाकड्या होतात. माती गार झाल्यावर लावलं की तिचा धोका कमी होतो. जमीन गोठण्याआधी मुळं धरायला चार-सहा आठवडे मिळाले की पुरे.

खोलीचा हिशेब सोपा आहे: कंदाच्या उंचीच्या दुप्पट ते तिप्पट. म्हणजे ट्यूलिप, डॅफोडिल, हायसिंथ सुमारे १५ सेंटिमीटर आणि क्रोकस ८ ते १०. टोक वर, बूड खाली. कुठली बाजू वरची ते कळेना, तर कंद आडवा ठेवा, कोंब आपला वळून वर येतो. दोन कंदांमध्ये दोन-तीन कंदांइतकी जागा सोडा. आणि सैनिकांसारखी रांग नको! सात-आठ कंदांचा पुंजका करून लावा, त्याची शोभा काही औरच.

कंद थंडीने सहसा मरत नाहीत, साचलेल्या पाण्याने मरतात. लागवडीआधी फूटभर खोल खड्डा खणून पाण्याने भरा, ते जिरलं की पुन्हा भरा. दुसरं पाणी कित्येक तास तसंच राहिलं तर तिथे कंद लावू नका, किंवा कंपोस्ट मिसळून वाफा चांगला उंच करा. ताजं शेणखत कंदाला अजिबात लागू देऊ नका. लावून झाल्यावर एकदा सडकून पाणी द्या, मग पाऊसपाणी बेताचं असेल तर पुढे लक्ष घालावं लागत नाही.

खारी आणि उंदीर ट्यूलिप, क्रोकस उकरून खातात. वाफ्यावर तारेची जाळी अंथरून कडा मातीत दाबा, कोंब दिसले की काढा. डॅफोडिलच्या वाटेला ते जात नाहीत, कारण तो कंद विषारी असतो. घरात कुत्रं किंवा मांजर असेल तर उरलेले कंद वर, बंद डब्यात ठेवा.

हिवाळा सौम्य असेल तर ट्यूलिपची थंडी फ्रिजमध्ये भागवावी लागते. कागदी पिशवीत घालून १२ ते १६ आठवडे ठेवायचे आणि बाहेर काढले की लगेच लावायचे. त्या फ्रिजमध्ये सफरचंदं ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि कंदातली कळी आतल्या आत मरते.

कंद पुरले की त्याच दिवशी वरती पॅन्सी या बुटक्या फुलझाडाची रोपं लावते. वाफा उघडा दिसत नाही आणि ट्यूलिप तिच्यातूनच मान वर काढतात. पुढे ट्यूलिपची पानं पिवळी पडून लोळायला लागली की तीही पॅन्सीत झाकली जातात. ही पानं हिरवी असताना कापू नका, त्यांच्या गाठीही मारू नका. फूल सुकल्यावर फक्त त्याचा शेंडा खुडा, बी धरू देऊ नका. पानं उन्हात अन्न तयार करून कंदात साठवतात आणि पुढच्या वर्षीचं फूल त्यावरच धरतं. खत घालायचं तर तेही याच दिवसांत. हिरवळीत क्रोकस लावला असेल, तर त्याची पानं पिवळी होईपर्यंत गवतकापणीचं यंत्र तिथे फिरवू नका.