व्हीलचेअरचा रस्ता निघण्याआधी कसा तपासावा

मी हाताने चालवायची व्हीलचेअर वापरते. नवीन ठिकाणी जायचं ठरलं की अंतर सगळ्यात शेवटी बघते. सपाट दोन किलोमीटर निभतात, पण मधे एक उंच पायरी आली की दोनशे मीटरही पार होत नाहीत. शोधायची असते ती अडणारी जागा.

म्हणून पोचायच्या ठिकाणापासून उलट मागे या: आधी तिथलं टॉयलेट, मग दार, मग दारापर्यंतची वाट. फोनवर "व्हीलचेअर येते का?" असं विचारू नका. "येते की, आमची माणसं उचलतात," असं उत्तर मिळतं, आणि उचलून नेणं म्हणजे सोय नव्हे. आकडे विचारा. दार पूर्ण उघडल्यावर मोकळी जागा किती? ८० सेंटिमीटर तरी हवी, ९० असली तर उत्तम. टॉयलेटमध्ये खुर्ची वळवायला दीड मीटर व्यासाची जागा आहे का? टेप लावून काढलेला फोटो मागायला संकोच करू नका.

रॅम्प आहे म्हणाले तर लांबी विचाराच. प्रमाण १:१२ धरतात, म्हणजे उंचीच्या बारा पट लांबी. दोन पायऱ्यांची उंची ३० सेंटिमीटर असेल, तर रॅम्प ३.६ मीटर लांब हवा. मीटरभराची फळी फोटोत रॅम्पसारखी दिसते, पण तिच्यावर एकट्याने चढता येत नाही आणि खुर्ची मागे उलटू शकते.

वाटेसाठी ओपनरूटसर्व्हिस या मार्ग शोधून देणाऱ्या संकेतस्थळावर व्हीलचेअरचा वेगळा पर्याय आहे. तो ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशातल्या पृष्ठभाग, चढ आणि फूटपाथच्या कडेच्या नोंदी बघून मार्ग काढतो. व्हीलमॅप या नकाशावर दुकानं, स्थानकं हिरव्या (खुर्ची जाते), नारिंगी (काही भागातच जाते), लाल (जात नाही) रंगांत दिसतात. राखाडी म्हणजे अजून कुणी नोंदच केलेली नाही. या नोंदी लोकच भरतात, तेव्हा तुम्ही जाऊन आलात की तुमचीही भरा. मागून येणाऱ्याचा दिवस त्याने वाचतो.

मग गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूवर प्रत्येक चौक बघा, फोटोची तारीखही. फूटपाथ एका बाजूने उतरता आणि समोर उंच असेल, तर रस्ता ओलांडून तुम्ही वाहनांमध्येच अडकता. गटाराच्या जाळीच्या फटी वाटेला समांतर असतील तर पुढची छोटी चाकं त्यात रुततात. आणि फूटपाथचा आडवा कल! तो नकाशावर क्वचितच कळतो. २ टक्क्यांच्या वर गेला की खुर्ची सारखी एका बाजूला ओढते आणि एकच खांदा भरून येतो. अशी वाट लांब असेल तर मी दुसरा रस्ता घेते, वळसा पडला तरी.

मार्गातल्या स्थानकात लिफ्ट लागत असेल तर ती बंद आहे असं धरून दुसरी वाट लिहून ठेवा: अलीकडचं किंवा पलीकडचं कोणतं स्थानक, तिथून पुढे कसं. परतीच्या वेळी लिफ्ट किती वाजेपर्यंत चालू असते, तेही आधी फोनवर विचारून घ्या.