स्नायू वाढवायचे असतील तर आधी वही घ्या

स्नायू कमावण्याच्या इराद्याने व्यायामशाळेत आलेला नवा माणूस बहुधा पहिली चौकशी प्रोटीन पावडरची करतो. खरे तर त्याला सर्वांत आधी लागते ती एक साधी वही. कोणत्या दिवशी कोणता व्यायाम किती वजनाने आणि किती वेळा केला, याची नोंद नसेल, तर पुढच्या आठवड्यात भार वाढवायचा की नाही हे ठरवायला आधारच उरत नाही, आणि भार वाढत गेला नाही तर काही महिन्यांतच स्नायूंची वाढ थांबते.

स्नायूंवर सवयीपेक्षा जास्त ताण आला, की शरीर स्नायुतंतूंमध्ये नवी प्रथिने घडवू लागते आणि ते तंतू जाड होत जातात. त्यांची संख्या मात्र फारशी बदलत नाही. व्यायामानंतर ही घडण साधारण २४ ते ४८ तास वाढलेल्या वेगाने चालते, म्हणून एखादा स्नायुगट आठवड्यातून एकदाच पार थकवून टाकण्यापेक्षा तेच काम दोन-तीन दिवसांत वाटून घेणे बरे.

नवशिक्याने आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, सर्वांगाचा व्यायाम करावा. स्क्वॉट (वजन घेऊन बैठका), डेडलिफ्ट (जमिनीवरचे वजन उभे राहत उचलणे), बेंच प्रेस (बाकावर उताणे पडून वजन वर ढकलणे) किंवा जोर, रोइंग (वजन पोटाकडे ओढणे) आणि खांद्यांसाठी ओव्हरहेड प्रेस (वजन डोक्यावर ढकलणे) एवढ्यात शरीरातील बहुतेक मोठे स्नायू कामाला लागतात. आधी हलक्या वजनाने एक-दोन सेट, म्हणजे न थांबता केलेल्या आवर्तनांच्या फेऱ्या, करून अंग गरम करावे, मग प्रत्येक व्यायामाचे ८ ते १२ रेप्सचे (आवर्तनांचे) तीन सेट करावेत आणि दोन सेटमध्ये दोन-तीन मिनिटे विश्रांती घ्यावी. सेट संपताना आणखी दोन-तीन रेप्सच जेमतेम निघाल्या असत्या, असे वाटले पाहिजे. सहज आणखी दहा निघाल्या असत्या तर वजन हलके आहे, आणि पाठ वाकवून किंवा झटका देऊन उचलावे लागत असेल तर ते जड आहे. वजन खाली आणताना ते सोडून न देता सावकाश आणावे.

भार वाढवण्याची एक सोपी रीत अशी : १० किलोच्या डंबेलने तिन्ही सेटमध्ये ८ रेप्स होत असतील, तर वजन तेच ठेवून रेप्स हळूहळू १२ पर्यंत न्याव्यात, तिन्ही सेटमध्ये १२ झाल्या, की १२ किलोचे डंबेल घेऊन पुन्हा ८ पासून सुरुवात करावी. पहिल्या काही आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढते, पण त्यातला मोठा वाटा मज्जासंस्थेच्या सरावाचा असतो, त्यामुळे तेवढ्यात आरशात फरक दिसला नाही म्हणून कार्यक्रम बदलू नये. अंग दुखले नाही तर व्यायाम वाया गेला, हाही असाच एक हट्टी गैरसमज आहे. सवय झाली, की दुखणे कमी होते, वाढ मात्र चालू राहते.

आहारात पहिला हिशेब प्रथिनांचा. शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने बहुतेकांना पुरतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ९६ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, अर्धा लिटर दुधात १६ ग्रॅमच्या आसपास आणि १०० ग्रॅम कच्च्या डाळीत २० ते २५ ग्रॅम प्रथिने असतात, हे पाहिले तर तीन-चार जेवणांत विभागून हा आकडा पावडरीशिवायही गाठता येतो. पावडर ही सोय आहे, गरज नव्हे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत. कर्बोदके पूर्ण तोडण्याचा मोहही टाळावा, कारण जड सेटसाठी लागणारे इंधन मुख्यतः त्यांतूनच मिळते.

पूरकांपैकी क्रिएटिन मोनोहायड्रेटचा (स्नायूंना जड सेटमध्ये झटपट ऊर्जा मिळवून देणाऱ्या पदार्थाचा) परिणाम सर्वांत चांगला तपासला गेलेला आहे. रोज ३ ते ५ ग्रॅम पुरते आणि सुरुवातीला एखादा किलो वजन वाढले तर ते बहुतांशी पाणी असते. झोप मात्र कोणत्याही पूरकाने भरून निघत नाही, रात्री सात-आठ तास हवेतच.

कृश व्यक्तीने रोजच्या गरजेपेक्षा २५० ते ३०० उष्मांक अधिक घ्यावेत. अंगावर बरीच चरबी असलेल्या नवशिक्याला असे जास्त न खाताही स्नायू वाढवता येतात. रोज सकाळी रिकाम्या पोटी वजन करून त्याची आठवड्याची सरासरी त्याच वहीत लिहावी. ६० किलोच्या कृश माणसाचे वजन आठवड्याला १५० ते ३०० ग्रॅम वाढत असेल तर गती योग्य आहे. सलग दोन आठवडे सरासरी हलली नाही तर रोजच्या आहारात साधारण २०० उष्मांक वाढवावेत, आणि वजन आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त वाढू लागले, पण व्यायामाचे आकडे जागचे हलत नसतील, तर तेवढेच कमी करावेत.