नागपुरातल्या मैदानावरून सामना थेट दाखवताना

१९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधला डायव्हिंगचा तलाव मोंजुइकच्या टेकडीवर होता. उडी घेतलेला खेळाडू हवेत असायचा आणि त्याच्या मागे खाली अख्खे शहर पसरलेले दिसायचे. ती दृश्ये आजही लोकांना आठवतात. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हॉकीचे टर्फ निळे आणि चेंडू पिवळा केला, कारण पडद्यावर तो चेंडू चटकन नजरेत भरतो. २०२४ला पॅरिसने बीच व्हॉलीबॉलचे मैदान आयफेल टॉवरच्या पायथ्याशी उभारले. या सगळ्या ठिकाणी कॅमेऱ्याचा विचार मैदान आखतानाच झाला होता.

आपल्याकडे मंडप उभा राहतो, पाहुण्यांचे व्यासपीठ ठरते, डीजेचे बॉक्स लागतात आणि मग कोणीतरी विचारते, लाइव्ह कुठून करायचे? तोवर चांगली जागा गेलेली असते. रेशीमबाग असो, चिटणीस पार्क असो की मानकापूरचे विभागीय क्रीडा संकुल, सामना चांगला दिसणार की नाही हे निम्मे तिथेच ठरते. म्हणून मंडपवाल्याला आगाऊ रक्कम देण्याआधी मैदानावर एक चक्कर मारा, आणि ज्या वेळी सामना आहे त्याच वेळी मारा.

ऊन आणि बाजू

दुपारनंतरचे सामने असतील तर मुख्य कॅमेरा मैदानाच्या पश्चिमेला हवा, म्हणजे ऊन कॅमेरामनच्या पाठीवर आणि खेळाडूच्या चेहऱ्यावर पडते. मोठ्या स्टेडियममध्ये मुख्य गॅलरी बहुधा पश्चिमेला असते, त्याचे कारण हेच. सकाळच्या सत्रासाठी हाच कॅमेरा पूर्वेला लागेल. दिवसभराची स्पर्धा असेल आणि महिना डिसेंबर-जानेवारीचा असेल, तर दक्षिण बाजू पकडा. त्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडूनच खाली-खाली सरकतो आणि नागपुरात डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास मावळतो. चारनंतर झाडाची किंवा इमारतीची सावली अर्ध्या मैदानावर येते का, तेही पाहून ठेवा. अर्धे ऊन आणि अर्धी सावली असली की ऑटो एक्स्पोजर (चित्र किती उजळ ठेवायचे हे कॅमेऱ्याने आपोआप ठरवणे) गोंधळतो आणि खेळाडू सावलीत शिरला की चित्र उजळत-काळवंडत राहते. अशा वेळी एक्स्पोजर लॉक करा, आणि तो सावलीतल्या नव्हे तर उन्हातल्या भागावर लॉक करा. जळून पांढरे झालेले चित्र पुन्हा सावरता येत नाही.

आता व्यासपीठ. ते मध्यरेषेसमोर मधोमध लागते, आणि कॅमेऱ्यालाही नेमकी तीच जागा हवी असते. यावर भांडू नका. आयोजकांना सांगा की व्यासपीठ समोरच्या बाजूला घेतले तर पाहुणे आणि मागचा प्रायोजकांचा फलक प्रत्येक फ्रेममध्ये दिसेल. एवढे पटायला वेळ लागत नाही. त्या समोरच्या बाजूला दुचाक्या लावू देऊ नका आणि चमकदार फ्लेक्स दिव्यांच्या थेट समोर येऊ देऊ नका. मैदानाच्या कडेचे फ्लेक्स दोन फुटांपेक्षा उंच नकोत आणि ते चारही कोपऱ्यांवर ताणून बांधा. वाऱ्याने फडफडणारे फ्लेक्स नजर खेचतातच, शिवाय ऑटो फोकसही ओढून नेतात.

कॅमेरा किती लांब, किती उंच

पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ × १० मीटर. कॅमेरा लांब बाजूला, मध्यरेषेच्या सरळ रेषेत हवा, म्हणजे चढाई डावीकडे किंवा उजवीकडे जाताना स्पष्ट कळते. फोनच्या मुख्य लेन्समध्ये व्हिडिओ घेताना साधारण ६५ अंशांचे दृश्य मावते. जवळच्या बाजूची पूर्ण १३ मीटर लांबी फ्रेममध्ये बसवायला कॅमेरा त्या रेषेपासून किमान १०.२ मीटर लांब लागतो, थोडी मोकळीक धरून १२ मीटर. यापेक्षा जवळ गेलात की जवळचे कोपरे कापले जातात आणि तिथे झालेली पकड दिसतच नाही. अल्ट्रावाइड लेन्सचा मोह टाळा; तिच्यात रेषा वाकतात आणि खेळाडू मुंगीएवढे होतात.

उंची ४ ते ५ मीटर ठेवा. जमिनीवरून घेतले तर सात बचावपटूंची साखळी एकावर एक चढून एकच भिंत होते. वरून घेतले की प्रत्येकामधले अंतर दिसते. मंडपवाल्याकडून लोखंडी पाइपांचे मचाण करून घ्या, पण ते प्रेक्षकांच्या गॅलरीला जोडू नका. लोक नाचायला लागले की गॅलरी हलते आणि कॅमेराही हलतो. मचाणाला तिरप्या पाइपांचा आधार, वर कठडा आणि तिपाईचे पाय बांधायला तीन कड्या, एवढे आधीच सांगून ठेवा.

दुसरा कॅमेरा बोनसरेषेच्या (जिच्यापलीकडे पाय टाकला की जादा गुण मिळतो) सरळ रेषेत ठेवा. पुरुषांच्या मैदानावर बॉकरेषा (चढाईपटूने ओलांडायची रेषा) मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर असते आणि बोनसरेषा तिच्यापुढे एक मीटरवर, म्हणजे मध्यरेषेपासून ४.७५ मीटरवर. पाय रेषेपलीकडे पडला की नाही हा वाद कबड्डीत रोज होतो, आणि तिरक्या कोनातून त्याचे उत्तर कधीच मिळत नाही. हा कॅमेरा कमी उंचीवर, दीड मीटरवर असला तरी चालतो. मात्र तो मुख्य कॅमेऱ्याच्याच बाजूला ठेवा. समोरून घेतला तर दृश्य बदलताच डावीकडे जाणारा चढाईपटू उजवीकडे जाऊ लागतो आणि पाहणाऱ्याची दिशाच चुकते. समोरची बाजू फक्त रिप्लेसाठी वापरा.

खो-खोचे मैदान २७ × १६ मीटर. ते पूर्ण बसवायला फोन २१ मीटरपेक्षाही मागे न्यावा लागेल आणि मग खांबाजवळ मारलेला सूर दिसणार नाही. इथे एक कॅमेरा स्थिर आणि रुंद ठेवा, दुसरा फ्लुइड हेडच्या (कॅमेरा विनाझटका फिरवणाऱ्या) तिपाईवर पळत्या संरक्षकामागे फिरवा. फोटोसाठीच्या साध्या तिपाईवर कॅमेरा झटके खात फिरतो, म्हणून फ्लुइड हेड भाड्याने घेण्याइतके पैसे जरूर ठेवा. बॅडमिंटन आणि टेनिसला कॅमेरा आखूड बाजूच्या मागे, उंचावर. जाळीपलीकडे चेंडू-फूल टोलवायचा खेळ मागून पाहावा आणि हद्द जिंकायचा खेळ बाजूने पाहावा, एवढे लक्षात ठेवले तर बहुतेक खेळांची मुख्य जागा चुकत नाही.

दिवे आणि फ्रेम

रात्रीच्या सामन्यात सर्वात जास्त बिघडते ते इथे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. फोन मात्र मुळात सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेमवर लावलेला असतो आणि शटर (प्रत्येक फ्रेमला प्रकाश घेण्याचा वेळ, सेकंदात) आपोआप १/६० किंवा १/१२० धरतो. मग चित्रात आडवे काळे पट्टे सरकू लागतात. उपाय सोपा आहे: मॅन्युअल कॅमेरा ॲप घ्या, ५० फ्रेम आणि १/१०० शटर लावा. ५० फ्रेम मिळत नसतील तर २५ फ्रेम आणि १/५० शटर. ३० फ्रेमच असतील तरी शटर १/१०० ठेवल्यास पट्टे जातात. दिवसा उन्हात ही अडचण नाही, तिथे शटर १/२५० ते १/५०० न्या म्हणजे हातपाय पुसट होत नाहीत.

काही स्वस्त एलईडी दिवे एवढे करूनही लुकलुकतात. ते भाड्याने घेण्याआधी एक दिवा लावून फोनच्या स्लो मोशनमध्ये, २४० फ्रेमवर, दहा सेकंद टिपा. उघडझाप ठळक दिसली तर तो दिवा नाकारा. कबड्डीच्या मैदानाला चार कोपऱ्यांत चार खांब, प्रत्येकावर २०० वॉटचे चार एलईडी फ्लड, ८ ते १० मीटर उंचीवर लावले तर मैदानावर अंदाजे ४०० लक्स (प्रकाशाचे एकक) प्रकाश मिळतो. फोन आणि हँडीकॅमसाठी तेवढे पुरते. झूम केल्यावर लेन्समधून कमी प्रकाश येतो, म्हणून जवळून टिपणाऱ्या कॅमेऱ्याला हाच प्रकाश अपुरा वाटू शकतो. त्याला मैदानाच्या जवळ आणा, झूम कमी करा. समोरच्या खांबांवरचे दिवे खाली मैदानाच्या मध्याकडे वळवा, नाहीतर ते थेट लेन्समध्ये घुसतात.

उन्हाळी शिबिरांचे सामने एप्रिल-मे मध्ये होतात. बहुतेक फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि नागपूर तर ४३-४५ला जाते. तापला की फोन आधी स्क्रीन मंद करतो, मग फ्रेम गाळतो, शेवटी कॅमेरा बंद करतो. कव्हर काढा, पांढरी छत्री बांधा, छोटा पंखा मागून सोडा, जलद चार्जिंग टाळा. बर्फ लावू नका, लेन्सच्या आत बाष्प धरते.

आवाज

कबड्डीत चढाईपटूचा ‘कबड्डी कबड्डी’चा दम हा नियमाचाच भाग आहे, आणि आपल्या बहुतेक प्रक्षेपणांत तो ऐकूच येत नाही. ऐकू येतो तो डीजे. ही उणीव खरोखर खटकते, कारण ती दोन माइकमध्ये भरून निघते. दोन शॉटगन माइक (मुख्यतः समोरचाच आवाज पकडणारे) मध्यरेषेच्या दोन टोकांना, रेषेपासून दीड-दोन मीटर मागे, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर लावा. त्यांची तोंडे मैदानाकडे आणि पाठ लाउडस्पीकरकडे ठेवा. वाऱ्यासाठी फोम किंवा केसाळ कव्हर घाला.

निवेदकाचा आवाज मिक्सरवरून तारेने घ्या. मिक्सरचे लाइन आउटपुट कॅमेऱ्याच्या माइक इनपुटमध्ये घातले तर आवाज फाटतो. मध्ये डीआय बॉक्स किंवा पॅड, म्हणजे आवाजाची पातळी खाली आणणारे उपकरण, लागते. ‘घूं’ असा सलग आवाज आला तर डीजे जनरेटरवर आणि तुम्ही घरगुती लाइनवर आहात असे समजा. आवाजाच्या तारेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन्ही बाजूंचा विजेचा थेट संबंध तोडणारा) लावा. अर्थिंगची पिन तोडून हा आवाज घालवणारे लोक असतात, तसे कधीही करू नका. ओल्या मैदानावर जीव जाऊ शकतो. मीटरवर आवाज −१२ ते −६ डेसिबलदरम्यान खेळू द्या. यूएसबी कॅप्चर कार्डातून (कॅमेऱ्याचे चित्र लॅपटॉपमध्ये घेणाऱ्या उपकरणातून) येणारे चित्र आवाजापेक्षा किंचित मागे पडते. कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा, रेकॉर्डिंग पाहा आणि आवाज तेवढे मिलिसेकंद उशिरा सोडा.

मध्यंतरात डीजेची वाहिनी बंद करा. सिनेमाचे गाणे ऐकू आले की यूट्यूब हक्काचा दावा लावते, आणि कधी लाइव्ह मध्येच थांबवते.

जोडणी आणि इंटरनेट

ऑलिंपिकचे मूळ चित्र ‘ऑलिंपिक ब्रॉडकास्टिंग सर्व्हिसेस’ ही २००१मध्ये स्थापन झालेली संस्था तयार करते. तिचे लघुनाव ओबीएस, आणि आपण लॅपटॉपवर वापरतो ते ओबीएस स्टुडिओ हे थेट प्रक्षेपणाचे मोफत सॉफ्टवेअर निराळे. दोघांचा संबंध नाही. त्या संस्थेची एक रीत मात्र घेण्यासारखी आहे: मूळ चित्र कोणत्याही देशाच्या बाजूने झुकत नाही. तुमच्या मंडळाचा संघ अंतिम फेरीत असला तरी समोरच्या संघाच्या गुणांनाही तेवढाच वेळ द्या.

स्वस्त कॅप्चर कार्डावर ६० फ्रेम छापलेले असते, प्रत्यक्षात १०८० रेझोल्यूशनला ते ३०च घेतात. यूएसबी ३चे कार्ड घ्या. एचडीएमआय तार १० मीटरपर्यंतच भरवशाची. त्यापुढे एसडीआय (लांब अंतराची व्हिडिओ तार) किंवा कॅट-६ नेटवर्क तारेवरचा एक्स्टेंडर. प्रक्षेपणाचे सगळे सामान एकाच फेजवर, आणि ती फेज डीजेची नको. मध्ये यूपीएस असू द्या.

७२० रेझोल्यूशन, ५० फ्रेम, ६ एमबीपीएस, कीफ्रेम (संपूर्ण पाठवलेली फ्रेम) दर दोन सेकंदांनी, हे गणित बहुतेकांना पुरते. खेळात रेझोल्यूशनपेक्षा फ्रेम महत्त्वाच्या. ३० फ्रेमचे १०८० चित्र स्थिर असताना छान आणि चढाईत पुसट दिसते. ताशी २.७ जीबी जाते. अपलोड वेग १२ एमबीपीएस तरी हवा, आणि तो सकाळी रिकाम्या मैदानावर मोजून उपयोग नाही. गर्दी जमली की हजारो फोन त्याच टॉवरवर येतात. चार-पाच दिवस आधी परिसरातल्या केबलवाल्याकडून तात्पुरती फायबर जोडणी घ्या. सिमवरच भागवायचे तर दोन वेगळ्या कंपन्यांची ठेवा, फोन मचाणावर उंच ठेवा आणि हॉटस्पॉटऐवजी यूएसबी तारेने जोडा.

यूट्यूबवर लाइव्हची परवानगी पहिल्यांदा मिळायला २४ तास लागू शकतात, आणि थेट फोनवरून करायचे तर ५० सबस्क्रायबर लागतात. हे सामन्याच्या संध्याकाळी कळून चालत नाही.

सामना चालू असताना

मुख्य रुंद दृश्य बहुतेक वेळ चालू ठेवा. चढाई सुरू झाल्यावर चढाईपटू परत येईपर्यंत किंवा बाद होईपर्यंत दृश्य बदलू नका. नव्या माणसाला बटणे दाबायचा मोह होतो आणि नेमका पकडीचा क्षण निसटतो. रिप्लेसाठी ओबीएस स्टुडिओत रिप्ले बफर (शेवटचे काही सेकंद साठवून ठेवणारी सोय) ८ सेकंदांचा ठेवा. कबड्डीत पुढचा चढाईपटू ५ सेकंदांत निघतो, म्हणून चढायांच्या मध्ये चार सेकंदांपेक्षा लांब रिप्ले बसत नाही. लोण लागला (सगळा संघ बाद झाला), टाइमआउट झाला की सावकाश दाखवा.

गुणफलकासाठी वेगळा माणूस ठेवा आणि त्याला गुणलेखकाशेजारी बसवा, कॅमेऱ्याजवळ नको. समालोचकाला एकच सांगणे: पडद्यावर दिसते ते सांगू नका, तिसरी (गुण आणावाच लागणारी) चढाई आहे, बोनस कोणाला लागू आहे, किती बचावपटू उरले, ते सांगा, आणि चढाईपटूचा दम ऐकू येतो तेव्हा थोडे गप्प राहा.

लाइव्हसोबत प्रत्येक कॅमेऱ्यात कार्डावर स्वतंत्र रेकॉर्डिंग चालू असू द्या, नेट गेले तरी सामना हातात राहतो. आणि बक्षीस समारंभ संपल्यावर लगेच ‘एंड’ दाबू नका. पाहणारे तुमच्यापेक्षा १५ ते ३० सेकंद मागे असतात. रुंद दृश्य तसेच अर्धा मिनिट चालू ठेवा, मग बंद करा.