आंब्याचा हिशेब पायथनमध्ये लिहिताय? या चुका टाळा

प्रोग्रामिंग शिकायचं तर घरच्या बागेचा हिशेब लिहून बघा, असं मी देवगड-रत्नागिरीकडच्या मुलांना नेहमी सांगतो. एरर येऊन प्रोग्राम थांबला तर उलट बरं. खालच्या बहुतेक चुकांत तो थांबत नाही, बिनदिक्कत चुकीचा आकडा दाखवतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक इनपुटची. इनपुटमधून आलेला आकडा पायथनच्या लेखी मजकूर असतो. तीन पेट्या, प्रत्येकी पाच डझन म्हणून त्या ३ ला ५ ने गुणलंत तर १५ ऐवजी ३३३३३ येतं, तोच मजकूर पाच वेळा. म्हणून आधी इंट, म्हणजे int(), लावून त्याचा पूर्णांक करा. इनपुट देताना देवनागरी ३ टाइप केला तरी इंट तो नीट वाचतो. कोडमध्ये मात्र इंग्रजी आकडेच लागतात, नाहीतर सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्याचा नियम मोडल्याची तक्रार. इथली उदाहरणं टाइप करताना हे विसरू नका.

आता भागाकार. ५०० आंबे आहेत, पाच डझनाच्या पेटीत ६० फळं. ५०० / ६० केलं की ८.३३३ असं काहीतरी येतं. भरलेल्या पेट्या हव्यात तर ५०० // ६०, म्हणजे ८, आणि उरलेली फळं ५०० % ६०, म्हणजे २०. सी किंवा जावा या भाषा शिकून आलेल्यांची इथे हमखास गल्लत होते, कारण तिकडे दोन पूर्णांकांत नुसतं / दिलं तरी ८ मिळतात. वीस फळं कमी पडत असतील तर आणखी जपा: -२० // ६० चं उत्तर शून्य नाही, -१ आहे, आणि -२० % ६० चं ४०. // चा भागाकार पायथन नेहमी खालच्या पूर्णांकाकडे नेतो.

% म्हणजे टक्के नव्हेत. २४०० च्या विक्रीवर ८ टक्के कमिशन काढायला २४०० % ८ लिहिलं तर ० येतो आणि दलालाच्या पट्टीशी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदाशी, मेळच बसत नाही. २४०० * ८ / १०० लिहा, १९२.० येईल.

दोन दरांची सरासरी (२४०० + २०००) / २ अशीच घ्या. कंस सुटला तर आधी भागाकार होऊन ३४०० येतात. वर्गासाठी ** वापरा, ५ ^ २ चं उत्तर ७ येतं.

पैसे दशांशात ठेवू नका. ०.१ + ०.२ केलं की ०.३०००००००००००००००४ मिळतं. २४.५० रुपये २४५० पैसे म्हणून साठवा, रुपये फक्त दाखवताना करा.

तरीही उत्तर पटत नसेल तर गेल्या हंगामातल्या एखाद्या पट्टीचे आकडे घाला, प्रत्येक पायरी प्रिंट करा, आणि जिथे आकडा पहिल्यांदा चुकतो तिथे type() लावून तो मजकूर आहे की संख्या ते बघा.