अंदमानची हिरवी पाल बघायची? आधी घरच्या ट्यूबलाइटखाली प्रॅक्टिस करा

सुट्टीत अंदमानचं बुकिंग केलंय का राजेहो? मग सेल्युलर जेल, स्कूबा सगळं कराच, पण तिथली हिरवीगार पालही बघून या. फक्त निघायच्या आधी आठवडाभर नागपुरातच डोळे तयार करा, नाहीतर ती समोर बसलेली असते अन् आपण केळीचं पान समजून पुढे जातो, माझं पहिल्या दिवशी तेच झालं.

रात्री आठनंतर गॅलरीतल्या ट्यूबलाइटजवळ खुर्ची टाका (उन्हाळ्यात कूलर सोडून बाहेर बसणं जिवावर येतं, मान्य). मोबाइल झूम करून आधी घरच्या पालीचा डोळा बघा: बाहुली उभ्या फटीसारखी, पापण्या नाहीतच, म्हणून मधूनमधून जिभेनेच डोळा पुसते. मग शेपटी. तुटून परत आलेली असेल तर ठिपके जुळत नाहीत, आत मणक्यांऐवजी नुसती कूर्चा (मऊ, लवचिक हाडासारखा भाग) असते. अन् पाल खिडकीच्या काचेवर आली की आतून तिचं पोट बघा, नशीब असेल तर कातडीतून दोन पांढरी अंडी दिसतात. ई करणाऱ्यांनी हे सोडून द्या, पण लय भारी दिसतं.

आता अंदमानात सगळं उलटं करायचं. ही पाल दिवसाची, बाहुली गोल, अंग चकचकीत हिरवं, पाठीवर लाल ठिपके, लांबी चार-पाच इंच. सकाळचं ऊन पडलं की नारळ, केळी, केवड्याची खोडं अन् गेस्ट हाउसच्या भिंती बघायच्या, दोन-तीन मीटर लांबूनच. किडे खाते, फुलातला मधही चाटते, त्यामुळे फुललेलं झाड दिसलं तर तिथे दहा मिनिटं गप उभं राहा. रंग काळपट पडला तर समजा ती घाबरलीय, मागे सरका.

गंमत म्हणजे हिच्या फेल्सुमा वंशातले बाकीचे सगळे नातेवाईक मादागास्कर, मॉरिशस, सेशेल्सकडे, म्हणजे 4,000 किलोमीटरहून जास्त पश्चिमेला. आपल्या मुख्य भूमीवर एकही नाही, म्हणून नागपुरात कितीही शोधा, मिळणार नाही.

डबीत भरून आणायचं तर डोक्यातही आणू नका. अंडी दिसली, तीही बहुतेक दोनच, तर फोटो काढा पण उचलून फिरवू नका, आतलं पिल्लू दगावू शकतं.