घर किती तासांवर आहे, ते आधी मोजून ठेवा

परदेशात नवीन आलात की राहायची जागा, बँकेचं खातं, फोन ही कामं आपोआप मागे लागतातच. त्यांच्या जोडीला एक काम पहिल्याच महिन्यात उरका: इथल्या दारापासून तिकडच्या दारापर्यंत पोचायला खरे किती तास लागतात, ते काढून ठेवा. रात्री अवेळी घरून फोन येतो, तेव्हा हे शोधत बसण्याइतकं डोकं ठिकाणावर नसतं.

नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. पृथ्वी गोल असल्यामुळे सर्वांत जवळची वाट सपाट नकाशावर वाकडी दिसते. दोन्ही विमानतळांमधलं हवाई अंतर बघा, त्याला ९०० ने भागा (मोठं विमान ताशी साधारण तेवढे किलोमीटर जातं) आणि धावपट्टीवरची रांग, चढणं-उतरणं यांसाठी पाऊण तास धरा.

जाण्या-येण्याचा वेळ मात्र सारखा नसतो. उंचावरचे जेट स्ट्रीम वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, हिवाळ्यात जास्तच जोरात. लंडनहून न्यूयॉर्कला जाताना सुमारे आठ तास लागतात, परतताना सात. आकाशही बंद होतं: २०२२ मध्ये रशियाने युरोपीय विमान कंपन्यांना आपल्या हद्दीवरून उडायला मनाई केली आणि हेलसिंकी-टोकियो प्रवास साडेनऊ तासांवरून तेरावर गेला. म्हणून जुन्या माणसांनी सांगितलेले तास तसेच धरू नका.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. ऑकलंडहून संध्याकाळी निघालेलं विमान लॉस एंजेलिसला त्याच तारखेच्या दुपारी उतरतं, पण अंगावर बारा तास पडलेले असतात.

खरी गोम मधल्या थांब्यात आहे. पहिल्या वर्षी स्वस्त पडलं म्हणून मी दोन वेगवेगळी तिकिटं काढली. पहिलं विमान उशिरा पोचलं, दुसरं निघून गेलं. दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने मी वेळेवर न आलेली प्रवासी होते. सामान घ्यायला बाहेर जावं, तर त्या देशाचा व्हिसा नाही. नवं तिकीट काढून घरी पोचले तेव्हा एकोणीस तासांच्या प्रवासाचे एकेचाळीस झाले होते, आणि ज्यासाठी निघाले होते ते आटोपलं होतं. ते मला अजून सलतं. तुम्ही सगळा प्रवास एकाच बुकिंगवर ठेवा. मग पहिल्या विमानाच्या उशिरामुळे पुढचं चुकलं, तर त्यापुढच्या विमानात बसवणं कंपनीचं काम असतं. पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील. बदलायच्या विमानतळावर ट्रान्झिट व्हिसा लागतो का, तेही आजच बघा.

आता बेरीज करा: विमानतळावर जाणं, तीन तास आधी पोचणं, उड्डाणं, थांबा, इमिग्रेशन, सामान, तिथून घर. जो आकडा येईल तो घरच्यांनाही सांगून ठेवा, म्हणजे "निघाले" म्हटल्यावर वाट किती बघायची ते त्यांना कळेल.