संदेष्टे वाचायचे तर आधी खंडणी वाचा

बायबलमध्ये यशया या संदेष्ट्याच्या नावाचं पुस्तक आहे. त्याच्या ३३व्या अध्यायातलं सातवं वचन मला बराच काळ सोडत नव्हतं. शांतीसाठी गेलेले दूत तिथे हमसून रडताहेत. पुढच्या वचनात रस्ते ओस, करार मोडलेला. हे दूत कुणाचे?

हिब्रू संदेष्ट्यांच्या अभ्यासाला नव्याने लागणाऱ्यांना माझं सांगणं आहे, इथे लगेच भाष्यग्रंथ उघडू नका. यशया ३६ आणि ‘२ राजे’ या बायबलमधल्याच पुस्तकाचा १८वा अध्याय शेजारी ठेवून वाचा. दोन्हीकडे अश्शूरचा (असीरियाचा) राजा सन्हेरीब यहूदाच्या राज्यावर चालून येतो, साल इ.स.पू. ७०१. पण २ राजे १८:१४-१६ एवढा भाग यशयात नाहीच! तिथे यहूदाचा राजा हिज्कीया लाखीशला, सन्हेरीबाच्या तळावर, निरोप धाडून चूक कबूल करतो. खंडणी म्हणून ३०० किक्कार (वजनाचं जुनं माप) चांदी आणि ३० किक्कार सोनं ठरतं. ते भरायला तो मंदिराच्या दारांवर मढवलेलं सोनं काढून देतो. तरी फौज यरुशलेमच्या वेशीवर येतेच. सन्हेरीबाच्या कोरीव लेखात सोनं तेवढंच, चांदी मात्र ८००, आणि खंडणी मागाहून निनवेला, अश्शूरच्या राजधानीत, पोचते. दोन्ही हकिकतींचा मेळ घालायची घाई करू नका.

यशया ३३ याच प्रसंगाचा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला मात्र तो इथेच बसतो असं वाटतं, आणि त्याचं कारण यशयाच आहे. मिसरशी (इजिप्तशी) संधान बांधायला त्याचा कडाडून विरोध होता (अध्याय ३० आणि ३१). मुत्सद्देगिरी फसल्यावर ‘मी सांगत होतो’ म्हणायचा हक्क कुणाला असेल तर त्याला. तो ते म्हणत नाही. २२:४ मध्ये गाव गच्च्यांवर जल्लोष करत असताना तो म्हणतो, मला रडू द्या, माझं सांत्वन करू नका. त्या दूतांचं रडणं आणि त्याचं रडणं एकाच जातीचं आहे. संदेष्ट्यांचा शोक राजकारणाबाहेरचा नाही, हे मला इथे पटलं.

यानंतर यिर्मया या दुसऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २७वा अध्याय घ्या. अदोम, मवाब, अम्मोन, सोर आणि सीदोन इथले दूत यहूदाचा राजा सिद्कीया याच्याकडे आलेत, आणि यिर्मया मानेवर जू घेऊन बाबेलला (बॅबिलोनला) शरण जा म्हणतोय. कुणी ऐकलं नाही. मग त्याचं डोळे आसवांचा झरा व्हावेत हे वचन वाचा. मराठीत ते ९:१ आहे, हिब्रूत ८:२३. संदर्भ शोधताना हा फरक ध्यानात ठेवा.